अक्कांच्या चष्म्याची डबी

सिनेमा खोटा बोलायला लागला की अक्का चष्मा काढत. तोंडातून शब्द नाही, सुस्कारा नाही. चष्मा काढायचा, पदराच्या टोकाने पुसायचा, डबीत ठेवायचा आणि डबी मिटायची. जुन्या पद्धतीची पत्र्याची डबी होती ती, आतून निळी मखमल लावलेली. तिचं झाकण इतकं घट्ट होतं की मिटताना ‘टक्’ असा आवाज व्हायचा. पडद्यावर कुणीतरी मरत असायचं, मागे व्हायोलिन रडत असायचं, आणि तो आवाज अंधारात पार शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. त्यानंतर अक्का उठून मात्र जात नसत. पडद्याकडे तोंड करून तशाच बसून राहत. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा दिसत नसे. “उठून गेलं तर लोकांना वाटतं, म्हातारीला लघवीला लागली,” त्या म्हणत. “डबी मिटली की नीट कळतं.”

धुळ्यात, पांझरा नदीच्या अलीकडे देवपुरात, आमच्या शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर अक्का एकट्या राहत. खाली भावाचं बिऱ्हाड. मूळच्या एरंडोलजवळच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची हिंमत माझ्या आईलाही झाली नाही, मग मला कुठून होणार? शाळेत त्या अगदी पुस्तकातलं मराठी बोलत. राग आला की मात्र तडक अहिराणीत शिरत, आणि राग त्यांना रोजच यायचा. भाजीवाल्याचा, पालिकेचा, वर्तमानपत्राचा, माझा. रागावलेल्या अक्का मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की शांत बसलेल्या अक्का आठवायला मला अजूनही जरा वेळ लागतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या हॉलमध्ये एकाआड एक रविवारी दुपारी सिनेमा दाखवायला सुरुवात केली. आधी भिंतीवर चादर टांगून, नंतर भाच्याने आणून दिलेल्या मोठ्या टीव्हीवर. आम्ही त्याला मंडळ म्हणायचो, पण त्याला ना पाटी होती ना शिक्का. शाळेतल्या दोनतीन शिक्षिका, कॉलेजची काही मुलं, विमा कचेरीतली नोकरी नुकतीच सोडलेली मी आणि आग्रा रोडवर कापडाचं दुकान असलेले बन्सीशेठ. सिनेमा संपला की चहा आणि शेव-मुरमुरे यायचे, आणि मग अक्कांचा नियम लागू व्हायचा. सिनेमाचा विषय काय होता, हे बोलायला बंदी. स्त्रीचं दुःख, युद्धाची भीषणता, माणुसकी वगैरे शब्द कुणी काढले की अक्का हात वर करून थांबवत. “इषय माले बी समजस. तू काय दखं ते सांग.” काय पाहिलंस ते सांग. एक जागा सांग. एखादा हात, एखादं दार, कुणीतरी पाठ वळवून उभं राहिलं ती तऱ्हा. ज्या सिनेमातली एकही जागा सांगता येत नाही, तो सिनेमा तुम्ही पाहिलाच नाही, किंवा त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, एवढं साधं त्यांचं शास्त्र होतं.

या शास्त्रात बन्सीशेठ दर वेळी नापास. ते मारवाडी घरातले, दोन पिढ्या धुळ्यात काढलेले, गिऱ्हाइकाशी अहिराणी, घरात मारवाडी आणि आमच्याशी दोन्हीच्या मधलं काहीतरी बोलणारे. कुठलाही सिनेमा असो, त्यांना रडू यायचं. चांगल्या सिनेमाला यायचं, वाईट सिनेमाला त्याहून जास्त यायचं. एकदा एका जाहिरातीला आलं होतं. उपरण्याने डोळे पुसत ते म्हणायचे, “अक्का, रडू आलं म्हणजे पिच्चर चांगलाच असणार ना?” त्यावर अक्का म्हणायच्या, “शेठ, कांदा चिरतानाही येतं.” बन्सीशेठ खो खो हसायचे आणि पुढच्या खेपेला परत रडायचे. अक्कांचा त्यांच्यावर जीव होता. इतका खोटं न बोलणारा माणूस दुसरा नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या, पण त्यांच्यासमोर कधी नाही.

आता मंगीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

मंगल, म्हणजे मंगी, अक्कांच्याच गावाकडची. देवपुरात मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. अक्कांनी तिला पाचवीपासून भूगोल शिकवला, आणि निवृत्तीनंतरही ती सुट्टीच्या दिवशी वर यायची, सिनेमा बघायला कमी आणि शेव-मुरमुऱ्यांना जास्त. ती बोलता बोलता हसायची. म्हणजे हसल्याशिवाय तिचं वाक्यच पुरं होत नसे, अर्धे शब्द हसण्यात सांडायचे आणि उरलेल्यांवरून आपण अर्थ लावायचा. सगळ्या शिक्षिकांच्या नकला करायची. अक्कांची नक्कल तिने अक्कांसमोरच केली होती, डबीसकट. ‘टक्’ हा आवाज जिभेने असा काढला की आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि अक्कांनी तिला आणखी एक वाटी शेव दिली. दहावीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात ती घरी गेली. गावात टँकर आला नव्हता. विहीर खोल गेलेली, कठडा नाही, रहाट नाही. पाणी शेंदताना मंगीचा तोल गेला.

अक्का गावी जाऊन आल्या. आल्यावर पुढचे दोन रविवार सिनेमा झाला नाही. मी वर गेले की त्या गच्चीच्या दाराशी बसलेल्या असत. एकदाच म्हणाल्या, “एक कठडा गं. कमरेइतका.”

वर्ष-दीड वर्षाने जळगावात एका मंडळाने लघुपटांचा महोत्सव भरवला. परीक्षक तीन. अक्का अध्यक्ष, कारण त्यांचं नाव तोवर जळगावपर्यंत पोचलं होतं. दुसरे एक निवृत्त अधिकारी. तिसरे वर्तमानपत्रात सदर लिहिणारे एक गृहस्थ. मी अक्कांबरोबर गेले होते, त्यांच्या गुडघ्यांमुळे. तिथे एक लघुपट आला, मंगीवरचा. बाहेरून आलेल्या एका तरुणाने केलेला. त्याचं नाव मी घेणार नाही आणि त्याच्या लघुपटाचंही नाही. घेतलं तर तेवढीच आणखी एक जाहिरात. सुरुवातीलाच पाटी आली, सत्य घटनेवर आधारित. सभागृहात एकदम शांतता. मग बासरी सुरू झाली. भेगाळलेली जमीन. परत भेगाळलेली जमीन. डोक्यावर हंडा घेतलेली एक गोरीपान मुलगी हळूहळू, अगदी हळूहळू चालत येते आणि आभाळाकडे बघते. ती हसत नाही. ती बोलते तेव्हा भलत्याच मुलखाचं ‘आमास्नी, तुमास्नी’ बोलते, कारण ज्याने संवाद लिहिले त्याला खेडं म्हटलं की तेवढंच माहीत. तिची आई चुलीपुढे बसून देशाच्या स्थितीवर भाषण करते. शेवटी विहीर, पाण्यात पडलेला हंडा, आणि परत बासरी.

डबी केव्हाच मिटली होती. बासरीच्या पहिल्या लकेरीलाच.

दिवे लागले आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. मंगीच्या बापाला, दगा भाऊंना, मंचावर बोलावलं होतं. त्यांना शाल घातली, नारळ दिला, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. ते हातात नारळ घेऊन उभे होते आणि नारळ कुठे ठेवायचा ते त्यांना समजत नव्हतं. मला त्या क्षणी संताप आला. लोक कशासाठी टाळ्या वाजवत होते? पोर मेली म्हणून? की आपल्याला वाईट वाटलं, म्हणजे आपण किती चांगले, म्हणून? टाळी वाजवली की घरी जाऊन निवांत जेवता येतं. कुणाला एका क्षणासाठीही तहान लागली नव्हती त्या सिनेमात, ना पडद्यावरच्यांना ना पडद्यासमोरच्यांना.

त्याच दिवशी तिथे दुसरा एक लघुपट दाखवला होता, धुळ्याच्या एका कॉलेजातल्या मुलीचा. नवरा-बायकोचं बोलणं बंद आहे. कशावरून, ते सांगत नाहीत. घरी पाहुणे यायचे आहेत, भरीत करायचंय. आपल्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात आणि जाळ भराभर संपतो, म्हणून एकाने काड्या सारत राहायचं आणि एकाने वांगी फिरवायची. एकट्याचं ते काम नाही. तेव्हा ती दोघं न बोलता शेजारी बसतात. धूर त्याच्या डोळ्यांत जातो. ती बघते, काही बोलत नाही, फक्त पऱ्हाट्यांचा भारा आपल्या बाजूला ओढून घेते. मग वांगी सोलतात, लाकडी बडगीत ठेचतात, आणि ठेचता ठेचता तो पहिला घास तिच्यापुढे धरतो, मीठ बघायला. संपलं. अक्का पुढे झुकून, हनुवटीला हात लावून ते बघत होत्या. चष्मा नाकावर घट्ट.

परीक्षकांच्या खोलीत मला खरं तर बसायचा हक्क नव्हता, पण अक्कांनी “ही मन्हासंगे शे” म्हणून बसवलं. अधिकारी म्हणाले, यात चर्चा कसली, पहिला क्रमांक उघड आहे. अक्का म्हणाल्या, “हो, भरिताचा.” दोघांना वाटलं थट्टा करताहेत. मग सदर लिहिणारे गृहस्थ म्हणाले, “अहो अक्का, बाहेर पोर विहिरीत पडून मेली आहे, आणि आपण वांग्याच्या भरिताला पारितोषिक द्यायचं? विषयाचं गांभीर्य बघा.” अक्कांचा चेहरा तांबडा झाला, पण या वेळी त्या अहिराणीत शिरल्या नाहीत. “या भरितातली बाई मला उद्या बाजारात दिसली तर मी ओळखीन,” त्या म्हणाल्या. “आणि मंगीला मी पाचवीपासून शिकवलंय. आज चष्मा काढूनही पूर्ण सिनेमाभर मी तिला कानांनी शोधत होते. मला सापडली नाही. विषय गंभीर आहे ना? मग त्याच्याशी असं गबाळेपणाने वागायची जास्तच लाज वाटायला पाहिजे.” अधिकारी म्हणाले, “पण याला पारितोषिक मिळालं तर वरपर्यंत आवाज जाईल. गावाला पाणी मिळेल. तुम्हाला पाणी नको आहे का?” यावर अक्का उठून उभ्या राहिल्या. “पाणी पाहिजे तर मोर्चा काढा. मी पुढे चालते. पण पाण्यासाठी म्हणून मला वाईटाला चांगलं म्हणायला लावू नका. ते केलं की दोन्ही जातं.”

दोघांविरुद्ध एक. पहिला क्रमांक मंगीच्या लघुपटाला जाहीर झाला. अक्कांनी निकालावर सही केली नाही. भरिताला उत्तेजनार्थ सुद्धा काही मिळालं नाही, आणि ती कॉलेजची मुलगी पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही.

बाहेर पायऱ्यांवर दगा भाऊ भेटले, बगलेत शाल, हातात नारळ तसाच. अक्कांना बघून ते पुढे आले. मग म्हणाले, “मन्ही पोर अशी नव्हती, अक्का. हाई दुसरीच कोनी शे.” अक्का म्हणाल्या, “माले म्हाईत शे, भाऊ.” दगा भाऊ म्हणाले, “ती विहिरमा वाकीसन सोतानं नाव हाका मारे. नाव परत उनं की हासे.” म्हणजे विहिरीत वाकून ती स्वतःच्याच नावाने हाक मारायची, आणि नाव परत आलं की हसायची. तो माणूस आम्हाला हे सांगत होता आणि बोलता बोलता स्वतःच थोडा पुढे वाकला होता, पायरीवर, जणू खाली विहीर आहे. तेवढ्या एका वाकण्यात मंगी होती. संबंध लघुपटात नव्हती ती तिथे पायरीवर होती, आणि आत टाळ्या वाजवणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकालाही बाहेर येऊन त्या बापाला ती कशी होती हे विचारावंसं वाटलं नव्हतं. ज्याने सिनेमा केला त्यालाही नाही. त्याने फक्त विहिरीची खोली मोजून घेतली होती, असं दगा भाऊ म्हणाले.

मग त्यांनी एक विचारलं, आणि ते मी अजून विसरले नाही. “पिच्चर कसाबी राहो, अक्का. पानी उनं तं बरंच शे ना?” ज्यांच्या तोंडाला कुणी लागत नसे त्या अक्का मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “पानीसाठे मी येस तुमनासंगे. पन तेले मंगी म्हनू नका.”

पुढे जे झालं ते कुठल्याही शहाण्या माणसाला सांगता आलं असतं. वर्तमानपत्रात ओळी आल्या, परीक्षक अध्यक्षांची असंवेदनशीलता वगैरे. दगडाच्या काळजाची बाई, असं आमच्याच गल्लीत लोक म्हणाले. स्वतःच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूबद्दल जिला काही वाटत नाही! ज्या वसतिगृहाच्या समितीवर अक्का इतकी वर्षं होत्या, तिथून त्यांना न सांगता वगळलं. पुढच्या बैठकीचं बोलावणं आलंच नाही, एवढंच. मुलींना भेटायला गेल्या तेव्हा फाटकावर थांबवलं. त्या संध्याकाळी अक्का परत आल्या आणि त्यांनी घरातली सगळी भांडी घासायला काढली, घासलेली सुद्धा. रविवारची माणसंही कमी होत गेली. शिक्षिका यायच्या बंद झाल्या, कॉलेजची मुलं नोकऱ्यांना लागली. शेवटी मी, बन्सीशेठ आणि अधूनमधून भाचा. अक्कांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. मी मांडायला गेले की म्हणायच्या, “राहू दे. त्यांना सिनेमातलं कळत नाही आणि मंगीतलं त्याहून कळत नाही.”

तो दिग्दर्शक मात्र एकदा घरी आला. हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे. अक्कांनी त्याला गरम गरम चहा दिला, खायला दिलं, त्याचा लघुपट परत लावला आणि त्यातला एकेक भाग काढून दाखवला, अगदी शाळेतल्या नकाशावर दाखवावा तसा. परत जा, म्हणाल्या, गावात राहा, दगा भाऊंशी बोल, बासरी फेकून दे, पुन्हा कर. तो नम्र होता. नम्र माणसांची मला तेव्हापासून भीतीच वाटते. “बाई, विषय लोकांपर्यंत पोचणं महत्त्वाचं,” तो म्हणाला. अक्का म्हणाल्या, “विषय पोचला, बाबा. मंगी वाटेतच राहिली.” तो पाया पडून गेला. त्याच्या लघुपटाला मग मुंबईत मिळालं, दिल्लीत मिळालं. सगळीकडे लोक उभे राहिले.

पाणी आलं नाही. ते अक्का आणि दगा भाऊ मागत राहिले, जळगावला जिल्हा परिषदेत, या टेबलावरून त्या टेबलावर. अक्का गुडघ्याला पट्टा बांधून एसटीने जात. साहेब नाहीत म्हटलं की बाकावर बसून राहत, आणि साहेब आले की खुर्ची स्वतःच ओढून घेत. साहेबांपैकी एकाने कौतुकाने सांगितलं की तुमच्या गावावरचा तो सिनेमा मी पाहिलाय, फार हेलावून गेलो. “मग हलला का नाहीत?” अक्का म्हणाल्या. अखेर नळ नाही, पण विहिरीला कठडा झाला. कमरेइतका. त्याच्या उद्घाटनाला तो दिग्दर्शक आला, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं की एका सिनेमाने कठडा बांधला. अक्कांनी ते वाचलं, चष्मा काढला, डबीत ठेवला. त्यावर चहा झाला, भाजी निवडून झाली, तरी डबी मिटलेलीच होती.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. सकाळी चहाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच. भांडं करपल्याचा वास खाली गेला तेव्हा त्यांचे भाऊ वर आले. मला बोलावलं. चष्मा नाकावरच होता. मी तो काढला नाही, काढवेना.

आणि मग त्याच जळगावच्या मंडळाने, ज्याने त्यांना दोघांविरुद्ध एक ठरवलं होतं, त्यांची शोकसभा ठेवली. त्याच सभागृहात. फाटकावर त्यांना थांबवणारे पहिल्या रांगेत होते. दगा भाऊंना बोलावलं नव्हतं. त्यांचं काम आता संपलं होतं. आणि त्या नम्र दिग्दर्शकाने अक्कांवर माहितीपट केला होता. बन्सीशेठ आणि मी मधल्या रांगेत बसलो. शेठनी उपरणं तयारीत मांडीवर ठेवलं होतं.

दिवे गेले. बासरी सुरू झाली.

मी शपथेवर सांगते, तीच बासरी. देवपूरच्या रस्त्यावरून कुणीतरी एक म्हातारी बाई हळूहळू चालत येते, पाठमोरी. समई लागते. एक भारदस्त आवाज सांगतो की अक्का म्हणजे मायेचा झरा, अक्का म्हणजे शांत तेवणारी ज्योत, अक्कांनी कधी कुणाला दुखावलं नाही. भूगोलाचा नकाशा, त्याच्यावर फुलपाखरू बसतं. शेवटी टेबलावर उघडं पुस्तक, पुस्तकावर अक्कांचा चष्मा, उघडा, आणि शेजारी मोगऱ्याची फुलं. खरा चष्मा होता तो, भाच्याकडून मागून आणलेला. संपूर्ण माहितीपटात अक्का एकदाही चिडल्या नाहीत. एकदाही कुणाला “इषय माले बी समजस” म्हणाल्या नाहीत. मंगी एकदाही हसली नव्हती, तसंच. एकीला रडवलं आणि दुसरीला हसतमुख केलं, आणि दोघींना पुसून टाकलं.

सभागृह उभं राहिलं. टाळ्या. मी बसून राहिले. बाजूला बन्सीशेठ बसून होते, ते का ते मला तेव्हा समजलं नाही. आयोजकांपैकी एक जण रांगेतून वाकत आला आणि कानाशी म्हणाला, “ताई, उभ्या राहा ना. अक्कांसाठी.”

मी जरा मोठ्याने म्हणाले, “अक्कांसाठीच बसले आहे.”

पुढच्या रांगांतली डोकी वळली. टाळ्या थोड्या विस्कटल्या आणि मग परत जुळल्या. निघताना सदर लिहिणाऱ्या गृहस्थांनी मला गाठलं. “विषय तरी बघा,” ते म्हणाले. “निदान आज तरी.” मी म्हटलं, “विषयाशीच माझी ओळख होती. तुमची नव्हती.” त्यांना ते उद्धट वाटलं. वाटू दे. मला अक्कांच्या शेजारी राहून एवढं तरी आलं पाहिजे.

बाहेर त्याच पायऱ्यांवर बन्सीशेठ उभे होते. चेहरा उतरलेला. उपरणं हातात, घडी मोडलेली नाही. मला बघताच घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, “बाई, मला रडू आलं नाही.”

मी थांबले.

“एक थेंब आला नाही बघा. माझ्या सख्ख्या बहिणीसारखी बाई, तिच्यावर पिच्चर, आणि मी कोरडा. लोक रडत होते. माझं काही बिघडलंय का? डॉक्टरला दाखवू का?”

“नाही शेठ,” मी म्हटलं, “तुमचं काही बिघडलेलं नाही.”

ते रस्त्याकडे वळले. मग म्हणाले, “चष्मा दाखवला त्यांनी. असा उघडा. ती कधी चष्मा उघडा ठेवायची का? डबी कुठे होती, बाई? डबी दाखवलीच नाही.” आणि त्यांनी दोन्ही तळवे समोर आणले, एक खाली, एक वर, हळूच मिटले, आणि जिभेने ‘टक्’ असा आवाज काढला, मंगी काढायची तसा. मग बन्सीशेठ पायरीवर बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागले.

मी त्यांच्या शेजारी बसले. आत कुणीतरी भाषण करत होतं.